नाशिकच्या संपादकांनो, फोटोखाली तिचं नाव छापा

प्रति,
नाशिकमधल्या सगळ्या वर्तमानपत्रांचे संपादक, आवृत्तीप्रमुख, रात्री पानं लावणारे उपसंपादक, आणि न्यूज पोर्टल व यूट्यूब चॅनेल चालवणारी सगळी मंडळी,

नमस्कार.

पत्र जरा लांब होणारे पण पूर्ण वाचा, कारण मागणी छोटी आहे आणि ती मान्य करायला तुम्हाला मालकांकडे जायची गरज नाही. जिने फोटो काढला तिचं नाव त्या फोटोखाली छापा. "छाया : प्रतिनिधी" नको, "सौजन्य : सोशल मीडिया" तर अजिबातच नको. पूर्ण नाव, आडनावासकट.

मी नाशिकमध्येच बरीच वर्षं फोटोग्राफी करते, लग्नं, मुंजी, डोहाळजेवणं हा पोटापाण्याचा धंदा, आणि बातमीचे फोटो हे मनापासूनचं काम, ते कधी कुणी मागितलं म्हणून तर कधी कुणीच मागितलं नाही तरी. कॉलेजच्या पोरी माझ्याकडे कॅमेरा शिकायला येतात, त्यातल्या काहींना बातमीतच जायचंय. त्यांच्यासाठी हे पत्र लिहितेय.

परवाच्या पावसाळ्यातली गोष्ट सांगते. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला, रात्रीतून गोदावरी चढली आणि सकाळी दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं. आपल्याकडे क्युसेकचे आकडे कोण बघतं, मारुतीला पाणी कुठवर आलं हेच सगळे विचारतात. माझ्याकडे येणारी एक पोरगी पंचवटीत राहते, ती उजाडायच्या आत घाटावर पोचली. तिने एकच फोटो असा काढला की मी तो बघून गप्पच झाले. एक फुलवाली आजी गुडघाभर पाण्यात उभी, डोक्यावर पाटी, पाटीत झेंडूच्या माळा एकावर एक रचलेल्या, एका हाताने पाटी धरलीये आणि दुसऱ्या हाताने नऊवारीचा ओचा, आणि मागे धूसर दिसणारा मारुती. आजीच्या चेहऱ्यावर घाबरल्याचं काहीच नाही, माल वाचवायचाय एवढंच आहे. कालच्या रात्री घाटावर काय झालं असेल ते सगळं त्या एका फ्रेममध्ये होतं, वर कॅप्शन लिहायचीसुद्धा गरज नव्हती.

पोरीने फोटो एका वार्ताहराला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. दुसऱ्या दिवशी पान एकवर, चार कॉलम, खाली "छाया : प्रतिनिधी". तिने फोन करून विचारलं तर उत्तर मिळालं, अगं छापून आलाय ना पान एकला, अजून काय पाहिजे. तिच्या आईने कात्रण कापून ठेवलं होतं, शेजारणीला दाखवायला घेऊन गेली, आणि शेजारीण म्हणाली, पण ह्यात तुमच्या मुलीचं नाव कुठंय? त्या माऊलीला उत्तर देता आलं नाही. पेपर कुठला ते मी मुद्दाम लिहीत नाहीये, कारण हे एकाच ठिकाणी होतं असं नाही आणि एकावर ढकलून बाकीच्यांनी सुटावं असंही मला वाटत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येते. ह्या पोरींना मी पहिल्याच दिवशी एक नाव सांगते, होमाई व्यारावाला. तुम्हाला माहीत असणारच, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. पण पोरींपैकी बऱ्याच जणींनी ते ऐकलेलं नसतं, आणि तुमच्याकडेही ते नाव आठ मार्चच्या पुरवणीत दोन ओळीत उरकलं जातं, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

९ डिसेंबर १९१३ चा जन्म, नवसारीचा. नवसारी म्हणजे पेठ रोडने गुजरातेत उतरलं की आपल्यापासून काही तासांवरचं गाव. पारशी घर, वडील नाटक कंपनीवाले, त्यामुळे लहानपण कंपनीबरोबर गावोगाव फिरण्यात गेलं, मग मुंबई आणि मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. तेरा वर्षांच्या असताना माणेकशा व्यारावालांशी ओळख झाली, त्यांना फोटोग्राफीचा नाद होता, कॅमेरा कसा धरायचा इथपासून डार्करूमपर्यंत सगळं त्यांनीच होमाईंना शिकवलं, पुढे १९४१ मध्ये दोघांचं लग्न झालं. होमाईंचे सुरुवातीचे फोटो बॉम्बे क्रॉनिकलमध्ये आले, एका फोटोला एक रुपया मिळाला. तेव्हाच्या एका रुपयाला किंमत होती, आणि आमच्या पोरींना आज पान एकच्या फोटोला एक रुपयाही मिळत नाही, हे जाता जाता सांगून ठेवते. मग इलस्ट्रेटेड वीकलीसाठी काम सुरू झालं. मुंबईतले रस्ते, जे. जे. मधल्या मैत्रिणी, महायुद्धाच्या काळात आग विझवायचं ट्रेनिंग घेणाऱ्या मुली, असलं सगळं त्यांनी टिपलं. ते फोटो आज बघितले तर वाटतं, त्या काळातल्या मुंबईच्या मुली इतक्या मोकळ्या कुणाच्या कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या असत्या? बाईच्याच.

आणि हे फोटो छापून यायचे ते माणेकशांच्या नावाने.

का, तर होमाई नवख्या होत्या आणि बाई होत्या. बाईने काढलेला फोटो छापायला हात अडखळायचा, नवऱ्याचं नाव लावलं की अडखळायचा नाही. फोटो तोच, चौकट तीच, प्रकाश तोच. माणेकशांना मी दोष देत नाहीये, त्यांनी बायकोला जे शिकवलं आणि जी साथ दिली तशी आजही किती नवरे देतात ते मला माहितीये. दोष त्या टेबलाचा, जिथे बसून कुणाच्या नावाला वजन आहे ते ठरवलं जायचं. त्याच टेबलावर आज तुम्ही बसलाय.

पुढे त्यांनी स्वतःचं एक टोपणनाव घेतलं, डालडा १३. ऐकायला गंमत वाटते पण त्याच्यात त्यांचं सगळं आयुष्य आहे, जन्म १९१३ चा, नवऱ्याची भेट तेराव्या वर्षी, आणि पहिल्या गाडीचा नंबर डीएलडी १३. बाईने स्वतःची गाडी घेतली, स्वतः चालवली, आणि तिच्या नंबरवरून स्वतःला नाव दिलं.

१९४२ ला दोघं दिल्लीला गेले, ब्रिटिश इन्फर्मेशन सर्व्हिसेसच्या नोकरीवर. तिथून पुढची जवळपास तीस वर्षं म्हणजे ह्या देशाचा अल्बमच आहे. साडी नेसलेली बाई, खांद्यावर अवजड स्पीड ग्राफिक कॅमेरा आणि फ्लॅश, आणि सुरुवातीला तर हे सगळं घेऊन दिल्लीभर सायकलवर. ज्यांनी मोबाईलच्या आधीचे कॅमेरे हाताळलेत त्यांना कळेल, त्या स्पीड ग्राफिकमध्ये धडाधड क्लिक होत नाही, एक फोटो झाला की पुढच्याची तयारी करायला लागते, म्हणजे क्षण येण्याआधी तो कुठे येणार हे तुम्हाला कळावं लागतं. त्यासाठी उभं कुठे राहायचं ते कळावं लागतं, आणि त्या गर्दीत, सगळ्या पुरुष फोटोग्राफरांमध्ये, ह्या बाईला ते बरोबर कळायचं.

त्यांनीच एकदा सांगितलं होतं की सुरुवातीला लोकांना वाटायचं ही बाई कॅमेरा घेऊन उगाच मिरवतेय, कुणी मनावरच घ्यायचं नाही, आणि त्याचा त्यांना फायदाच झाला, कारण कुणी अडवलं नाही, जिथे बाकीच्यांना जाता यायचं नाही तिथेही त्या जाऊन फोटो काढून यायच्या. फोटो छापून आले तेव्हा लोकांना कळलं की ही बाई काय काम करतेय. मला ह्या गोष्टीचा अभिमानही वाटतो आणि रागही येतो. तिला कुणी गंभीरपणे घेत नव्हतं ह्याचा तिने उपयोग करून घेतला हे तिचं शहाणपण, पण तो उपाय आजच्या पोरींवर लादायचा का आपण?

जून १९४७ मध्ये फाळणीच्या योजनेला मत देताना वर झालेले काँग्रेस नेत्यांचे हात, तो फोटो होमाईंचा. १६ ऑगस्ट १९४७ ला लाल किल्ल्यावर तिरंगा चढला तो होमाईंचा. माउंटबॅटन देश सोडून निघाले तो, गांधीजींची अंत्ययात्रा, नेहरू कबुतर सोडतायत तो, पालम विमानतळावर "फोटो काढण्यास सक्त मनाई" अशा पाटीशेजारी नेहरू उभे आहेत तोसुद्धा. १९५६ मध्ये दलाई लामा नथू ला खिंडीतून पहिल्यांदा भारतात आले तेव्हा सिक्कीमच्या त्या थंडीत उंचावर जाऊन फोटो काढणारी हीच बाई. एलिझाबेथ राणी, जॅकलीन केनेडी, हो चि मिन्ह, जो कुणी पाहुणा दिल्लीत आला तो ह्यांच्या लेन्ससमोरून गेलाय. आपल्या शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात असले फोटो आपण बघत आलो, खाली कुणाचं नाव होतं का? मला तरी आठवत नाही.

एका फोटोची त्यांना जन्मभर हळहळ राहिली. ३० जानेवारी १९४८ ला त्या बिर्ला हाऊसला गांधीजींच्या प्रार्थनेला जायला निघाल्या होत्या, पण माणेकशांनी परत बोलावलं, उद्या दोघं मिळून जाऊ म्हणाले. पुढे काय झालं ते जगाला माहीत आहे. बातमीत काम करणाऱ्या माणसाला हे वाचून काय होतं ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही.

१९६९ ला माणेकशा गेले आणि १९७० च्या सुमारास होमाईंनी कॅमेरा खाली ठेवला. तब्येत बरी नव्हती म्हणून नाही, डोळे गेले म्हणूनही नाही, पन्नाशीतच होत्या. त्यांचं म्हणणं असं होतं की आमच्या वेळी फोटोग्राफर लोकांचे काही नियम होते, कपडे नीट असायचे, एकमेकांना मान द्यायचो, आणि मग नवीन आलेल्या मंडळींना फक्त झटपट पैसा दिसायला लागला, त्या गर्दीत मला राहायचं नव्हतं. त्यानंतर चाळीसेक वर्षं त्या जगल्या, आधी मुलाबरोबर पिलानीला, मग बडोद्याला, मुलगाही त्यांच्या आधी गेला, शेवटी एकट्याच राहायच्या, बाग करायच्या, घरातली सुतारकाम-प्लंबिंगसारखी कामं स्वतः करायच्या. पण त्या चाळीस वर्षांत एकही फोटो काढला नाही. २०११ ला पद्मविभूषण मिळालं आणि १५ जानेवारी २०१२ ला त्या गेल्या.

मला ह्या सगळ्या आयुष्यात सगळ्यात जास्त लागतं ते हे. इतकं काम केलेली बाई स्वतःहून बाजूला झाली ती आपल्याच धंद्यातल्या धक्काबुक्कीला आणि उर्मटपणाला कंटाळून. तिला सरकारने हाकललं नाही, पोलिसांनी नाही, आपल्या लोकांच्या वागण्याने ती गेली. २०१५ च्या सिंहस्थात रामकुंडावर शाही स्नानाच्या पहाटे मी उभी होते, तेव्हाची कोपराकोपरी, शिव्या, पुढच्याच्या डोक्यावरून कॅमेरा नाचवणं, आणि ओल्या कपड्यातल्या बायकांवर लेन्स रोखून बसणारे काही जण, हे सगळं मी बघितलंय. माझ्या आजूबाजूला त्या फोटोग्राफरांच्या घोळक्यात दुसरी बाई मला दिसली नाही.

आणि होमाई नवसारीच्या, मुंबई-दिल्लीच्या, त्यांचं नाशिकशी काय असं म्हणू नका. नाशिकमध्ये कॅमेऱ्याची गोष्ट दादासाहेब फाळक्यांपासून सुरू होते. दादासाहेब त्र्यंबकेश्वरचे, तेही जे. जे. मध्येच शिकलेले, आणि ज्या १९१३ साली होमाई जन्मल्या त्याच साली मे महिन्यात राजा हरिश्चंद्र लागला. त्यात तारामतीचं काम करायला एकही बाई तयार झाली नाही, शेवटी अण्णा साळुंकेंनी साडी नेसली. पुढच्या मोहिनी भस्मासुरमध्ये, जो फाळक्यांनी नाशिकला येऊन केला, दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला ह्या मायलेकी पडद्यावर आल्या. पण कॅमेऱ्यामागे एक बाई त्याच्याही आधीपासून होती, सरस्वतीबाई फाळके. तेव्हा फिल्मला कडेची भोकं पाडलेली येत नव्हती, ती रात्री अंधारात बसून पाडायला लागायची, ते काम सरस्वतीबाई करायच्या. फिल्म धुवायची केमिकल्स कालवायच्या, सगळ्या युनिटचा स्वयंपाक बघायच्या, आणि पैसा कमी पडला तेव्हा अंगावरचे दागिने गहाण पडले तेही त्यांचेच. पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे, आपण तिथे पोरंबाळं घेऊन जातो. सरस्वतीबाईंचं नाव त्यातल्या किती पोरांना सांगतो आपण?

वर्तमानपत्राच्या धंद्यात बाई नवीन आहे असंही नाही. तानुबाई बिर्जे ह्यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, नवरा गेल्यावर, सत्यशोधकांचं दीनबंधू पत्र चालवलं होतं, संपादक म्हणून. म्हणजे संपादकाच्या खुर्चीत बाई बसून शंभराच्या वर वर्षं झाली, आणि नाशिकला शिकून तयार झालेल्या पोरीला अजून रांगोळी स्पर्धा, मंगळागौर आणि दहावीच्या निकालाला पेढे भरवणारे आईबाप एवढंच मिळतं. ते फोटोही चांगले काढावे लागतात, मी त्यांना कमी लेखत नाही. पण महापालिकेची महासभा, सातपूर-अंबडच्या कामगारांचा मोर्चा, लासलगावला कांद्याचे लिलाव बंद पडतात तो दिवस, द्वारका चौकातला रात्रीचा अपघात, ह्यातलं काहीच त्यांच्या वाट्याला येत नाही, विचारलं की ठरलेलं उत्तर, मुलीला रात्री कुठे पाठवणार, उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची. काळजी खरी असेल तर सोबत द्या, यायला-जायला गाडी द्या, ऑफिसमधला एक नंबर द्या जो रात्री बारा वाजता उचलला जाईल. काम न देणं ही काळजी नाही होत.

आता २०२७ चा कुंभ तोंडावर आलाय. तपोवन, साधुग्राम, नवे रस्ते, घाट, रोज काहीतरी चालू आहे. जगभरातले फोटोग्राफर येतील, मोठ्या लेन्स घेऊन, आणि नागा साधू, भस्म, शाही मिरवणूक ह्यांचे फोटो काढून जातील, ते त्यांनी खुशाल काढावेत. पण कुंभाला येणाऱ्या गर्दीत ज्या लाखो बायका असतात, बोचकं डोक्यावर घेऊन नातवाचं बोट धरून आलेल्या, त्यांचं काय होतं ते कोण बघणार? कपडे बदलायला आडोसा आहे का, बाथरूमसाठी किती वेळ थांबायला लागतं, हरवलेल्या म्हाताऱ्या चौकीवर बसून कुणाची वाट बघतायत, स्नान झाल्यावर एखादी पायरीवर बसून एकटीच का रडतेय. तिथे पुरुष कॅमेरा घेऊन गेला तर त्या बायका पदर ओढून तोंड फिरवतील आणि फिरवायलाच पाहिजे. तिथे आमची पोरगी जाईल, शेजारी बसेल, विचारेल, आणि आजी हो म्हणाली तरच काढेल. ही बातमी तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून मिळणार नाही.

पण तिथपर्यंत पोचायला पास लागतो आणि पास काढायला गेलं की संस्थेचं पत्र मागतात. फ्रीलान्स करणाऱ्या पोरीला पत्र कोण देणार, ज्यांनी तिचे फोटो छापले तेच ना? आणि तिथे "छाया : प्रतिनिधी" आडवं येतं. तिने कितीही कात्रणं दाखवली तरी एकातही तिचं नाव नाही, मग ती फोटोग्राफर आहे हे सिद्ध कशाने करायचं? नाव छापणं हा नुसता मानाचा प्रश्न नाही हे म्हणूनच सांगतेय, त्याच्यावर तिचं पुढचं काम, तिचा पास, तिची फी सगळं अवलंबून आहे. घरातून परवानगी मिळणंसुद्धा, कारण नाव छापून आलेलं कात्रण बापाला दाखवता येतं.

तेव्हा उद्याच्या अंकापासून सुरू करा, त्याला कुठली मीटिंग लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो घेताना वार्ताहराला एकच प्रश्न विचारा, हा काढलाय कुणी, आणि उत्तर मिळाल्याशिवाय पानावर घेऊ नका. फोटो वापरला तर मानधन द्या, थोडं का असेना पण ठरलेलं असू दे आणि वेळेवर असू दे. पोर्टलवाल्यांनी दुसऱ्याच्या फोटोवर स्वतःचा लोगो मारणं आजपासून बंद करावं. आणि कुंभाच्या पाससाठी तुमच्या ऑफिसातून जी यादी जाईल तिच्यात निदान एका मुलीचं नाव घाला, स्वतःच्या सहीचं पत्र तिला द्या, आणि तिला महिला पुरवणीला न जोडता मेन अंकाला जोडा.

नावं हवी असतील तर आमच्याकडे आहेत, काम बघायचं असेल तर तेही आहे, घाटावरची ती फुलवाली आजीसुद्धा त्यात आहे, मूळ फाइलसकट. पोरी पोर्टफोलिओ घेऊन तुमच्या ऑफिसला यायला तयार आहेत, मी सोबत येईन. वेळ तेवढी कळवा, दुपारची असली तर बरं, संध्याकाळी तुमची पानं लागायची गडबड असते हे आम्हाला माहितीये.

कळावे,
पंचवटीतली एक फोटोग्राफर